कासारणीच्या पायातला काटा

देवीशी माझं भांडण होतं. भांडण म्हणजे आदळआपट नव्हे. आमच्या घराण्यातल्या बायका भांडत नाहीत, गप्प बसतात, आणि मीही तशीच अकरा वर्षं गप्प बसले होते. चांद्याच्या महाकालीची पत्र्याच्या चौकटीतली एक तसबीर आईनं लग्नात माझ्यासोबत दिली होती. नवरा गेला, वडशाजवळचं सासर सुटलं, नागपुरात नर्सचं शिक्षण झालं आणि बदली होत होत मी पार सिरोंच्याकडे नदीकाठी येऊन पडले, तरी ती तसबीर ट्रंकेतून माझ्याबरोबर फिरत राहिली. संध्याकाळी मी तिच्यापुढं दिवा लावायची. पण तिच्याकडे काही मागायची नाही, आणि तिच्याशी बोलायची तर मुळीच नाही. दिवा लावणं हे हाताला लागलेलं वळण होतं, एवढंच. जी ऐन वेळी आली नाही तिला आता कशाला हाक मारायची, असं मला मनातून वाटे, आणि असं वाटण्याची थोडी ऐटही होती.

मी ज्या दवाखान्यात होते तिथं सहा खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. नदीच्या पलीकडे तेव्हा अजून हैदराबाद राज्य होतं. डॉक्टरसाहेब तिकडचे, तेलुगू, पन्नाशी उलटलेले. मराठी त्यांना समजे, बोलताना मात्र हिंदीचा आधार लागे. गावातली निम्मी माणसं तेलुगूच बोलत. माझी झाडीकडची, वडशाकडची बोली ऐकून सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसत, पण चार वर्षांत मलाही तेलुगू बऱ्यापैकी कळायला लागली होती. अडायचं ते डोंगराकडून माडिया माणसं आली की. ती तीन-तीन मुक्काम करत, रान तुडवत यायची, आणि त्यांचं बोलणं डॉक्टरांनाही कळत नसे नि मलाही. मग दोन्ही भाषा येणारा कोणी तरी हुडकून आणायचा, ते काम माझ्याकडे असे. बाजारातून, नाक्यावरून, चहाच्या टपरीवरून मी दुभाषी धरून आणायची आणि त्याचा मला फार अभिमान होता. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही असं मी स्वतःच कंपाउंडरला अधूनमधून ऐकवत असे.

वैशाख सरत आला होता. एके दिवशी सकाळी चार माणसं एक खाट बांबूला बांधून घेऊन आली. खाटेवर विशीतली एक बाई होती आणि तिच्या पोटाशी आठेक महिन्यांची मुलगी. बाईचा रंग पिवळट पडलेला, ओठ पांढरे, आणि लुगड्याच्या ज्या पदरानं ती तोंड पुशी तो रक्तानं ताठ झालेला. तिचा नवरा सागाच्या लाकडांचे तराफे घेऊन नदीनं खाली गेला होता, त्याला निरोप पोचायलाही पंधरा दिवस लागले असते. खाट घेऊन आलेल्यांत तिचा जेठ होता, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे त्याला भासरा म्हणतात. बाकीचे तिघं त्याच घरातले, नात्यानं नवऱ्याहून मोठे. भासऱ्यानं तेलुगू ठेकेदारांकडे लाकूडतोडीत बरीच वर्षं काढली होती, त्यामुळं त्याला चांगली तेलुगू येत होती. दुभाषी घरबसल्या मिळाला. मी तिथल्या तिथं त्याला डॉक्टरांपुढं आणून बसवलं आणि कंपाउंडरकडे अशा नजरेनं पाहिलं की बघ, याला म्हणतात काम.

डॉक्टर विचारत आणि भासरा उत्तर देई. तो बाईकडे पाठ करून, व्हरांड्याच्या खांबाकडे तोंड करून बसला होता. मला त्याचं ते बसणं आवडलं. सभ्य माणूस आहे, परक्या दवाखान्यात बाईमाणसाकडे टक लावून पाहत नाही, असं मी मनात म्हटलंसुद्धा. किती दिवस झाले? महिना झाला असेल. खोकल्यातून रक्त येतं? हो. संध्याकाळी ताप चढतो? हो. घाम येतो? हो. अंगानं सुकत चालली? हो. घरात आधी कोणी असं खोकून खोकून गेलं? हो, आमची आई गेली. प्रत्येक प्रश्नाला तो घटकाभर थांबे, खांबाकडे बघून मान हलवी आणि उत्तर देई. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला. घसा बघता बघता तिला असा ठसका लागला की तोंडातून लालभडक रक्त आलं आणि पुढं काही दिसलंच नाही. छातीत मला फारसं ऐकू येत नाही, ते मला म्हणाले, पण ही सगळी लक्षणं क्षयाचीच आहेत. आमच्याकडे क्ष-किरणाचं यंत्र नव्हतं. चार दिवसांनी लाकडाचा ट्रक चांद्याला जाणार होता, त्यातून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. मुलीला मात्र आजपासूनच आईच्या अंगावर पाजायचं नाही, आणि ट्रक गेला की चौघांनी पोरीला घेऊन गावी परतायचं.

हे शेवटचं वाक्य सोपं नव्हतं. त्या डोंगरातल्या गावांत तेव्हा गाईचं दूध काढत नसत. ते वासराचं, माणसानं का काढावं, अशी त्यांची रीत. आईच्या दुधावरची आठ महिन्यांची पोर तिथं कशावर जगणार हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि मलाही. पण क्षयाची बाई आणि छातीशी पोर, हेही आम्हाला दिसत होतं. मी मुलीला उचललं आणि बाजूच्या खोलीत नेऊन वाटीतलं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायला बसले. तिनं ते माझ्या अंगावर ओकून टाकलं. दाराच्या चौकटीतून मला तिची आई दिसत होती. तिनं तोंड उघडलं, काही तरी बोलायला म्हणून हात गळ्याशी नेला, मग समोर भासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. ती नजर मी कुठं तरी पाहिली आहे असं मला वाटलं. कुठं, ते काही केल्या आठवेना.

त्यानंतरचे दोन दिवस ती नजर माझ्या मागे लागली. या बाईला काही सांगायचं आहे, एवढं मला कळत होतं. ती हातातल्या काळ्या बांगड्या खाटेच्या लाकडावर आपटायची. मी धावत पाणी घेऊन जायची. पाणी पाहिलं की ती मान फिरवायची, ओठ कोरडे ठणठणीत असूनही. मी भासऱ्याला म्हटलं, विचारा हिला काय हवं आहे. तो व्हरांड्यात तिच्या दाराशी राखण करत बसलेला असे. त्यानं खांबाला काही तरी विचारलं, मान हलवली आणि मला सांगितलं, काही नाही. तेव्हा मला वाटलं, याला नीट विचारता येत नसेल, दुसरा माणूस पाहावा. मग माझी शोधाशोध सुरू झाली. नाक्यावरच्या जंगल गार्डाला आणलं. तो खाकीत आला तशी ती भिंतीकडे सरकली, आणि भासरा उठून तिच्या दारात अदबीनं उभा राहिला. मिठाचा एक व्यापारी होता, माझ्यापुढं नेहमी माडियाच्या गमजा मारणारा. त्याला आणल्यावर कळलं की त्याला येणारे सगळे शब्द मीठ, माप आणि ने-आण यांचेच आहेत. तो तिच्या खाटेपाशी उभा राहून मोठमोठ्यानं 'किती, किती' असं विचारत राहिला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. शाळेचे गुरुजी सुट्टीत गावी गेलेले. रेंजरसाहेबांचा स्वयंपाकी येतो म्हणाला आणि आला नाही. मी, जिचा या कामात कोणी हात धरू शकत नव्हतं, ती बाजारात चार वेळा जाऊन चार वेळा हात हलवत परत आले. इकडे पोर रडून रडून थकली होती आणि आता रडायचीही थांबली होती. मुलांचं रडणं थांबतं ते मला कधी आवडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक निघणार होता. वात नीट करून मी उठणार होते, पण उठले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तसबिरीकडे नीट पाहिलं. मागणं कसं असतं तेही मी विसरले होते, त्यामुळं जे तोंडून निघालं त्यात गोडवा नव्हता. मी म्हटलं, तिची भाषा कळणारं एक माणूस पाठव. माझ्यानं झालं नाही. तुझ्यानं होत नसेल तर तसं सांगून टाक, म्हणजे मी वाट पाहणार नाही. एवढं बोलून मी देवीकडे पाठ केली आणि भांडी घासायला बसले. देवीला असं बोलणारीचं देवीनं ऐकावं का, हा प्रश्न मला नंतर कितीदा तरी पडला आहे.

सकाळी दवाखान्यात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. जवळच्या गावातल्या एका लग्नात शिळं खाऊन पोटं बिघडलेली वीसेक माणसं आली होती. त्या गर्दीत एक उंच, काळीसावळी, चाळिशीची बाई डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन लंगडत आली. पलीकडच्या तीरावरची कासारीण. बाजाराच्या दिवशी दुरून पाहिलेली असेन, नाव-गाव माहीत नव्हतं. तिच्या टाचेत काटा मोडला होता आणि पाय सुजला होता. ती माझ्यापाशी येऊन काही म्हणू लागली तशी मी, कपाळाला आठ्या घालून, नंबर आल्याशिवाय यायचं नाही, तिकडे टोकाला बस, असं तिला सांगितलं. तीही मुकाट्यानं लंगडत व्हरांड्याच्या टोकाला गेली. काल देवीकडे जे माणूस मागितलं त्यालाच आज मी रांगेत बसवलं होतं.

मी कोणाला तरी औषधाची पुडी समजावत होते. एवढ्यात एक आवाज कानावर आला. घोगरा, फाटका, पण बाईचा. तो आवाज मी चार दिवसांत एकदाही ऐकला नव्हता. मी वळून पाहिलं. कासारणीनं टोपली खाली ठेवली होती आणि ती दारातून आत डोकावून त्या माडिया बाईशी तिच्या भाषेत बोलत होती. आतून एकच शब्द आला होता आणि मग पुन्हा शांतता. मी तशीच धावले. कासारीण म्हणाली, या हातात मीच बांगड्या भरल्या आहेत, पौषात, हिच्या गावी जाऊन. दर हिवाळ्यात ती पाठीवर टोपली घेऊन तो सगळा डोंगर पायी फिरते, धान आणि चिंच घेऊन बांगड्या भरते, आणि गेली वीस वर्षं तिथल्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलते. मी तिला जवळजवळ ओढतच म्हटलं, विचार तिला, लवकर विचार. पण ती जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या भासऱ्याकडे, आणि आपल्या मोडक्या मराठीत मला म्हणाली,

"बाई, थ्या माणसाले आंदी उठव. भासरा हाय थो तिचा. त्याच्यासमोर थे तोंड उघडन काय?"

मला आठवलं, ती नजर मी कुठं पाहिली होती ते. पाहिली नव्हती. ती माझीच होती. वडशाजवळच्या त्या घरात, डोक्यावरून पदर ओढून, मी अशीच दाराआड उभी होते. माझ्या नवऱ्याला विषमज्वर झाला होता. औषधाचा एक घोट त्याच्या पोटात टिकत नव्हता, दर वेळी उलटून पडत होता, आणि हे फक्त मला माहीत होतं, कारण भांडं मी धरायची. डॉक्टर आले तेव्हा बोलायला भासरे होते. डॉक्टरांनी विचारलं, औषध बरोबर चालू आहे ना? भासरे म्हणाले, हो, बरोबर चालू आहे. ते वाईट नव्हते. त्यांना माहीत नव्हतं आणि मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या जिभेला येत नव्हतं. भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी दाराआडून बांगड्या वाजवल्या. एकदा, दोनदा, तीनदा. भासरे डॉक्टरांना म्हणाले, चहा झाला वाटते. तिसऱ्या दिवशी माझा नवरा गेला, आणि त्या दिवसापासून मी देवीवर रुसले. आणि आता एक बाई चार दिवस माझ्यासमोर बांगड्या आपटत होती आणि मी, मी, तिला पाणी नेऊन देत होते. जगातल्या दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

मी भासऱ्याला तेलुगूत विनंती केली की अंगणातल्या चिंचेखाली जाऊन बसा. तो लगेच उठला. डोक्यावरचं ओझं उतरावं तसं त्याचं तोंड मोकळं झालं. नंतर त्यानं डॉक्टरांना सांगितलं की साहेब एवढा मोठा माणूस, ताप येतो का म्हणून विचारतो, मी नाही कसं म्हणणार? आणि भावाच्या बायकोला मी विचारणार तरी कसं? ते होत नसतं. बाकीचे तिघंही त्याच्या मागोमाग गेले. मग कासारीण खाटेच्या कडेला बसली. तिनं बोलायला सुरुवात केली नाही, आधी हात हातात घेतला. बोटं एकत्र आवळून, तळव्याचा सांधा दाबून, बांगडी भरताना पाहतात तसा तो हात तिनं तपासला. काळ्या बांगड्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत घसरत होत्या. पौषात या हातात साबण लावून भरल्या होत्या, ती मला म्हणाली. आणि मग हात न सोडता तिनं विचारलं. ती माडिया बाई बोलायला लागली. मध्ये ठसका, मध्ये रक्त, पण थांबेना. महिनाभराचं सगळं एकदम.

कासारीण ते डॉक्टरांना तेलुगूत सांगत गेली. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ही एका सुकत आलेल्या ओढ्याच्या डबक्याला तोंड लावून पाणी प्यायली. त्या दिवसापासून घशात काही तरी आहे. ते हलतं. पाणी जवळ आणलं की जास्त हलतं, म्हणून ती पाणी पीत नाही, रात्री घोटभर पेज तेवढी घेते. ते हललं की रक्त येतं. ताप नाही, कधीच नव्हता. घाम नाही. खोकला आधी नव्हता, रक्त आधी आलं. आणि घरात खोकून गेलेली सासू हिच्या लग्नाच्या कितीतरी आधी गेली, हिनं तिला पाहिलंही नाही. शेवटी कासारीण 'जलग' असं म्हणाली, आणि डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. जलग म्हणजे जळू. बारीक दोऱ्याएवढी पाण्यातून गेली असेल आणि घशाच्या वर, नाकाच्या मागे दडून महिनाभर रक्त पिऊन मोठी झाली असेल. माझ्या आयुष्यात दोनदा ऐकलं आहे, ते म्हणाले, पाहिली नाही.

पुढचा तासभर आमच्या दवाखान्यातलं दुसरं सगळं काम थांबलं. पोट दुखणारे लोकसुद्धा पोट विसरून दाराशी उभे राहिले. डॉक्टरांनी आपला दाढीचा आरसा मागवला. कंपाउंडर अंगणात उभा राहून त्या आरशानं ऊन बाईच्या तोंडात पाडत होता. मी मातीच्या माठातलं गार पाणी वाडग्यात घेऊन ते तिच्या ओठांखाली धरलं, ओठाला न लावता. जळवेला पाण्याचा वास लागला की ती पुढं येते, पण त्या वेळी बाईनं गिळायचं नाही, खोकायचं नाही, दचकायचं नाही. दचकली आणि जळू श्वासनळीत उतरली तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. हे सगळं तिला तिच्या भाषेत सांगायला हवं होतं, आणि ते एकदा नव्हे, क्षणाक्षणाला. कासारणीनं तिचा हात आपल्या हातात अडकवला. दाबला की थांब, सैल सोडला की नाकानं श्वास घे. ती डॉक्टरांचं ऐके, कानाशी हळू बोले, हात दाबे. त्या बाईला कितीतरी दिवसांची तहान होती आणि गार पाणी ओठांपासून बोटभर अंतरावर होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. ती कासारणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

टाळूच्या मागून एक काळं टोक खाली आलं आणि परत गेलं. दुसऱ्यांदा आलं, परत गेलं. मी वाडगं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिसऱ्यांदा ते बोटाच्या पेराएवढं खाली उतरलं आणि डॉक्टरांनी चिमटा घातला. ओढलं नाही. मीठपाण्याचे दोन थेंब त्याच्यावर सोडले आणि वाट पाहिली. मग ते सुटलं. पांढऱ्या तबकात पडलं तेव्हा करंगळीएवढं जाड होतं आणि वळवळत होतं. दाराशी उभा असलेला सगळा घोळका एकदम मागे सरला, आणि कोणी तरी हसलं, आणि मग सगळेच हसले. रक्त आणखी तासभर थोडं थोडं आलं आणि थांबलं. ते थांबल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. तिनं माझ्या हातातून वाडगं घेतलं आणि सगळं पाणी एका दमात प्यायली. मग दुसरं वाडगं. मग तिसरं. तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हर विचारत आला, चांद्याचा पेशंट कोण? डॉक्टरांनी टेबलावरची चिठ्ठी घेऊन चार तुकडे केले आणि म्हणाले, "जाओ भाई, जाओ. कोई पेशंट नहीं है."

मी पोरीला आणून आईच्या कुशीत दिलं. ती आधी चाचपडली, मग लागली, आणि तिच्या घशाचा घटाघटा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. बाई तिच्याशी घोगऱ्या आवाजात मोठमोठ्यानं बोलत होती. चिंचेखाली भासरा दवाखान्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता. त्यानं वळून पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. पण त्याचे खांदे हलत होते, आणि मी पाण्याचा तांब्या त्याच्या बाजूला ठेवून आले.

दुपार कलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कासारीण कुठं दिसत नाही. आणि तिच्या पायातला काटा तसाच आहे. ज्यासाठी ती आली होती ते काम सोडून आम्ही तिच्याकडून बाकी सगळं करवून घेतलं होतं. मी सुई, चिमटा आणि आयोडीनची बाटली घेऊन घाटाकडे धावले. वैशाखातलं ऊन, वाळू भाजत होती, आणि ती डोंग्यात चढायच्या बेतात होती. मी तिला वाळूवर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला. काटा खोल होता, बोरीचा. तो काढताना ती एकदाही कण्हली नाही. काटा निघाला, पू निघाला, मी पट्टी बांधली. मग मला काय झालं ते सांगता येत नाही, मी त्या धुळीनं भरलेल्या पायावर डोकं टेकवलं. तिनं ते नको वगैरे म्हटलं नाही. तिनं माझा हात धरला, सवयीनं, बोटं आवळून, सांधा दाबून.

"तुह्या हातात काई नाई," ती म्हणाली. "कवापासून?"

"अकरा वर्सं झाले."

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"मंग सांग. डोंगा थांबते."

आणि मी सांगितलं. दाराआडचं, भांड्यातलं, वाजवलेल्या बांगड्यांचं, चहाचं. आईला नाही, नागपूरच्या मैत्रिणींना नाही, त्या दिवसापर्यंत ओळखही नसलेल्या बाईला, तापलेल्या वाळूवर बसून. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. नावाडी वल्हं टेकून नदीकडे बघत उभा राहिला. तिनं माझा हात सोडला नाही. सगळं संपल्यावर तिनं टोपलीतून एक काळी बांगडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, तू घालू नको, घालायची नसेल तर. तुझ्या देवीला घाल. मग ती उठली आणि नीट, सरळ पाय टाकत डोंग्यात जाऊन बसली.

ती कोण होती, असं मला लोक विचारतात. कासारीण होती, पलीकडच्या तीरावरची. पुढंही कितीदा बाजारात भेटली, तिच्याशी भाव करून मी भांडलेही आहे. बाजाराचा दिवस नसताना तिच्या पायात नेमका त्याच दिवशी काटा का मोडावा, याचं उत्तर मी शोधत बसले नाही. पुढच्या हिवाळ्यात ती माडिया बाई स्वतःच्या पायानं चालत आली, दुडदुडणारी पोर सोबत घेऊन, भासरा वीस पावलं मागे. येताना त्यांनी मला मधानं भरलेला सुका भोपळा आणला. आणि आमच्या दवाखान्यात तेव्हापासून एक नियमच झाला. कोणतीही बाई आली, माडिया असो, तेलुगू असो की आमच्या झाडीची असो, की आधी तिच्या सासरच्या मोठ्या माणसांना चिंचेखाली बसवायचं आणि मगच तिला विचारायचं. गावात त्या झाडाला भासऱ्याची चिंच म्हणायला लागले. डॉक्टरसाहेबसुद्धा म्हणत.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि ती बांगडी तसबिरीच्या खिळ्याला अडकवली. वाऱ्यानं ती पत्र्यावर एकदा वाजली. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून मुकाट्यानं उभं राहणं, असं मी लहानपणापासून समजत आले होते. माझी देवी दारापलीकडे सगळं ऐकायला बसलेली होती, आणि मी अकरा वर्षं तिला भासरा समजून पदर ओढून उभी होते. मी पदर मागे सारला, तिच्यासमोर मांडी घालून बसले, आणि म्हटलं, आई, ऐक, सुरुवातीपासून सांगते.